व्हर्जिनियाचा ॲटर्नी जनरल: तो रकाना कोरा सोडू का?

तुम्ही विचारलंय की नागरिकत्व मिळाल्यावर व्हर्जिनियात पहिल्यांदाच मत देताय, गव्हर्नरचं कळलं, पण ॲटर्नी जनरलला, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलाला, कशाला निवडून द्यायचं? मतपत्रिकेवरचा तो रकाना कोरा ठेवला तर चालेल का?

चालेल. बाकीची मतं बाद होत नाहीत. पण मी इथे बरीच वर्षं मत देतोय, आणि माझ्या मते हाच रकाना सोडू नये.

घोळ होतो तो आपल्या सवयीमुळे. महाराष्ट्रात महाधिवक्ता राज्यपाल नेमतात, सरकार बदललं की बहुधा तोही बदलतो. आपण त्याला मत देत नाही, म्हणून त्याचं नावही लक्षात राहत नाही. इथे अमेरिकेत 43 राज्यांत ॲटर्नी जनरल थेट लोक निवडतात. व्हर्जिनियात तर गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर आणि ॲटर्नी जनरल या तिघांना वेगवेगळं मत. त्यामुळे 2005 मध्ये गव्हर्नर डेमोक्रॅट टिम केन आणि सरकारचा वकील रिपब्लिकन बॉब मॅकडॉनेल, असा संसार झाला. मॅकडॉनेल जिंकले किती मतांनी? फेरमोजणीनंतर 360. साडेएकोणीस लाखांच्या आसपास मतदानात! आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीतही कधी कधी याहून जास्त फरक पडतो.

2013 तर मला नीट आठवतंय. मतदानाच्या रात्री रिपब्लिकन मार्क ओबेनशेन पुढे होते. मग फेअरफॅक्स काउंटीत, म्हणजे आपली मराठी मंडळी भरपूर असलेल्या भागात, टपाली वगैरे मतांपैकी हजारो मोजायची राहिल्याचं निघालं आणि आकडे रोज हलायला लागले. शेवटी अधिकृत निकालात डेमोक्रॅट मार्क हेरिंग 165 मतांनी पुढे, 22 लाखांहून जास्त मतांतून. डिसेंबरात फेरमोजणी झाली, आघाडी 907 वर गेली आणि ओबेनशेन यांनी हार मान्य केली.

खरी गोष्ट पुढेच आहे. हेरिंग यांनी जानेवारी 2014 मध्ये शपथ घेतली आणि दोन आठवड्यांच्या आत जाहीर केलं की समलिंगी विवाहबंदीचा कोर्टात बचाव राज्याच्या वतीने मी करणार नाही. गंमत म्हणजे 2006 मध्ये राज्याच्या सेनेटमध्ये असताना याच गृहस्थांनी त्या बंदीच्या बाजूने मत दिलं होतं. कोर्टाने बंदी रद्द ठरवली आणि 2014 च्याच ऑक्टोबरात व्हर्जिनियात असे विवाह सुरू झाले. हेरिंग नसते तरी कोर्टाने तोच निकाल दिला असता, असं म्हणता येईल. पण राज्याच्या नावाने कोर्टात कोण काय बोलणार, हे त्या थोड्याशा मतांनी ठरवलं.

आता आपल्याला थेट भिडणारं उदाहरण. जानेवारी 2025 मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्वावर राष्ट्राध्यक्षांचा आदेश आला. आई एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर, वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नाहीत, तर इथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाही, असा त्याचा अर्थ. लगेच 22 राज्यांचे ॲटर्नी जनरल कोर्टात गेले. शेजारचं मेरीलँड त्यात होतं. व्हर्जिनिया नव्हतं, कारण तेव्हा या खुर्चीवर रिपब्लिकन जेसन मियारेस होते. नोव्हेंबर 2025 मध्ये डेमोक्रॅट जे जोन्स यांनी त्यांना हरवलं. कोण बरोबर, हा वाद इथे घालत नाही. तुम्हाला तो आदेश पटला असेल तर तुमचं मत दुसऱ्या बाजूला जाईल, एवढंच.

एक गैरसमज मात्र काढा. चोरी, मारामारीचे रोजचे खटले हे पद चालवत नाही, ते काउंटीचे कॉमनवेल्थ्स ॲटर्नी, म्हणजे तिथले सरकारी वकील, पाहतात. उलट ग्राहकांच्या तक्रारी याच कार्यालयात जातात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं सामान अडवून मूव्हरने जास्त पैसे मागितले, तेव्हा त्यांनी तिथेच अर्ज केला होता.

मत देण्याआधी उमेदवारांच्या साइटवर एकच शोधा: ते कोणावर खटले भरणार म्हणतात आणि कोणत्या खटल्यांतून हात काढून घेणार. जाहिरातीतला गुन्हेगारीचा गोंगाट बाजूला ठेवा.