‘वगळीला पाणी आलंय’ मधली वगळ

मोहोळकडच्या एका मुलीने विचारलंय: जोराचा पाऊस झाला की आजी म्हणते, ‘वगळीला पाणी आलंय, पलीकडं जाऊ नका.’ ही वगळ म्हणजे काय? ‘वगळणे’शी तिचं काही नातं आहे का?

नातं अजिबात नाही. वगळ म्हणजे ओघळ. आपल्याकडे बोलताना शब्दाच्या सुरुवातीचा ‘ओ’ सहज ‘व’ होतो. ओढ्याचा वढा, ओझ्याचं वझं, ओल्याचं वलं. तशीच ओघळीची वघळ झाली आणि पुढे ‘घ’चा ‘ग’ होऊन वगळ.

मुळाशी आहे संस्कृत ‘ओघ’, म्हणजे प्रवाह. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘घ’चा ‘ह’ होतो. मेघाचा मेह, तसा ओघाचा ओह. त्याच्यापुढे ‘ळ’ आला की ओहळ. म्हणजे पुस्तकातला ओहळ आणि आजीची वगळ ही एकाच घरातली भावंडं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात ‘वहाळ वोहळ’ अशी जोडी येते: गंगेच्या पाण्याला मिळेपर्यंतच ते वहाळ-वोहळ, मग ते गंगाच होतात. बघा, तिथंही लिहिलंय ‘वोहळ’, सुरुवातीला ‘व’ घेऊनच! म्हणून वगळ, वढा या शब्दांना कुणी अशुद्ध म्हटलं की मला फार लागतं. त्या जोडीतला वहाळ ‘वाहणे’मधला, कोकणात तो व्हाळ होऊन आजही नांदतोय.

वगळ ओढ्यापेक्षा लहान. ओढ्याला गावात ओळख असते. वगळ मात्र वर्षातले बहुतेक दिवस कोरडी. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. त्या एखाद्या झोडपणाऱ्या पावसात काळ्या रानातलं पाणी उताराला लागतं, माती कापत खालचा मुरूम उघडा पाडतं. ‘बांध फुटला अन् रानात वगळ पडली,’ म्हणतात ते हेच. रानातली ती स्त्रीलिंगी. कपाळावरून उतरणारा घामाचा ओघळ मात्र पुल्लिंगी.

अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत ओढ्याला हळ्ळ म्हणतात, सोलापुरातल्या तेलुगू घरांत वागु.

आजीला एकदा तो शब्द सावकाश म्हणायला सांग आणि नीट ऐक. त्यांच्या तोंडी अजून ‘वघळ’ असेल, तर तो ‘ओघ’मधला ‘घ’च आहे.