मलहॉलंड ड्राइव्हमध्ये स्वप्न कुठे संपतं, आणि त्या निळ्या डबीचा अर्थ काय?

खरं तर मी इथे नुसती वाचायला येते. पण याच सिनेमावरून 2016 च्या गणपतीत आमच्या घरात जे झालं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितेय.

सरळ उत्तर आधी देऊन टाकते. 147 मिनिटांपैकी पहिले साधारण दोन तास म्हणजे डायन नावाच्या, हॉलिवूडमध्ये हरलेल्या नटीचं स्वप्न. उरलेलं तिचं आयुष्य. स्वप्नात ती बेटी होते, ऑडिशनला सगळ्यांची बोलती बंद करणारी. आणि जिने तिला सोडलं ती कॅमिला होते रीटा, स्मृती गेलेली, हिच्याच आसऱ्याला आलेली. हा अर्थ बहुतेकांना पटतो, मलाही पटतो. पण मग शेवटचा भाग 'खरा' म्हणायचा तर दाराच्या फटीतून सरपटत येणारी बोटाएवढी म्हातारा-म्हातारी कुठली? शिवाय तो भाग क्रमानेही चालत नाही. शेजारीण येऊन पियानोच्या आकाराचा ॲशट्रे घेऊन जाते, आणि पुढच्या एका प्रसंगात तो परत टीपॉयवर दिसतो. म्हणजे तो प्रसंग आधीचा, डायनला नुसता आठवतोय. तेव्हा इथे स्वप्न संपलं नि इथे खरं सुरू झालं अशी रेघ मारून मिळणार नाही.

आता आमच्या घरचं. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, मी आणि आई असतो. दादा पुण्याला, सॉफ्टवेअरमध्ये. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीबीसीने जगभरच्या समीक्षकांना विचारून या शतकातल्या सिनेमांची यादी काढली, तिच्यात हा पहिला आला. झालं, दादा गणपतीला आला तो लॅपटॉपवर सिनेमा आणि हातात दिग्दर्शक डेव्हिड लिंचने डीव्हीडीबरोबर दिलेल्या दहा खुणांची प्रिंट घेऊन. लाल लॅम्पशेड कुठे दिसतो बघा, कॉफीचा कप बघा, असल्या खुणा. गौरी घरात आल्या होत्या ती रात्र. भजनाची मंडळी उसळ-चहा घेऊन गेली आणि गणपतीला एकटं सोडायचं नाही म्हणून आम्ही तिथेच पथाऱ्या टाकल्या. दादा मध्येमध्ये सिनेमा थांबवून समजावत होता. आईला इंग्रजी येत नाही, ती आडवी पडून बघत होती. सिलेन्सियो क्लबात ती बाई गाता गाता कोसळते आणि गाणं चालूच राहतं, तेव्हा आई एकदम म्हणाली, "मेली काय गो ती? मगे गाता कोण?" दादा म्हणाला, आई, तुला नाही कळायचं. मग ती झोपली.

सकाळी फुलं काढताना तिने मला तिचं स्वप्न सांगितलं. घर आमचंच, पण मालकीण काकी. आई परकी, दारात उभी. काकी आईची जांभळी साडी नेसून गूळ-पाणी घेऊन बाहेर येते आणि विचारते, "तू खयसून इलंस गो?" आणि आईला स्वतःचं नाव आठवत नाही.

काकी त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूरच्या हॉस्पिटलात वारली होती. आई भेटायला गेली नाही. पेट्या भरायचे दिवस होते, उद्या जाऊ परवा जाऊ करता करता राहिलं. आणि त्यामागे जुनं दुखणं होतं: बाबांनी कधीतरी दोन बागांमधला दगडी गडगा नवा घालताना थोडा सरकवला, त्यात काकांची आठ कलमं आमच्या बाजूला आली. दोन्ही घरांना माहीत, बोलत कुणी नाही.

नाश्त्याला आई म्हणाली, "तिची कलमां तिच्या झिलाक देऊन टाकूया." म्हणजे काकीच्या मुलाला. दादाने वर न बघता सांगितलं, "पित्त झालंय तुला. रात्री अकराला मोदक कोण खातं?"

मला राग आला तो इथे. अमेरिकेतल्या न जन्मलेल्या बाईच्या स्वप्नातला ॲशट्रेसुद्धा तुला महत्त्वाचा वाटतो, आणि आईच्या स्वप्नाला पित्त? बरं, स्वप्नाला एवढा हसणारा हा माणूस नोकरी बदलताना गुरवाला सांगून देवळात कौल लावून गेला होता. उजवा कौल मिळाला म्हणून पेढे वाटले होते.

आईच्या स्वप्नाने मला सिनेमा जास्त कळला. दोन्हीकडे जागांची अदलाबदल आहे. डायनने स्वप्नात स्वतःला वर बसवलं आणि कॅमिलाला गरजू केलं. आईने उलटं केलं, स्वतःलाच दारात उभं केलं. सलणारी गोष्ट दोघींचीही तीच, जे केलं ते आता फिरवता येत नाही. तुम्ही लॅम्पशेड मोजू नका. कोण कुणाच्या जागी जाऊन बसलंय तेवढं बघा.

दादाचं म्हणणं, लिंचने प्रत्येक धागा आधीपासून विणलाय. साफ चूक. 1999 मध्ये हे एबीसी वाहिनीसाठी मालिकेचा पहिला भाग म्हणून चित्रित झालं. वाहिनीने नाकारलं. नंतर फ्रेंच पैसा मिळाला, शेवट आणि आणखी काही प्रसंग घेतले आणि त्याचा सिनेमा झाला. 2001 मध्ये कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, जोएल कोएनबरोबर विभागून. बेटीचं बरंचसं 'स्वप्न' मालिका म्हणून घेतलेलं आहे. माणसाचं स्वप्नही असंच दिवसभराच्या उरल्यासुरल्यातून जमतं, म्हणून तर ते खरं वाटतं.

डबीचं राहिलंच. खऱ्या आयुष्यात डायनने कॅमिलाला मारायला मारेकरी नेमलेला असतो. खरी किल्ली साधी निळी असते, काम झालं की मारेकरी ती ठेवून जाणार असतो. स्वप्नात तिचा आकार विचित्र होतो आणि तिला एक डबी मिळते. डबी उघडली की आत नुसता काळोख. डायनला खून आठवायचा नाही, एवढाच मी तिचा अर्थ लावते. खुद्द लिंचने अर्थ सांगायचं टाळलं, तेव्हा माझंही फार धरून बसू नका.

दादाचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. स्वप्नावरून झाडं देता येत नाहीत, मोजणी लागते, चार माणसं बसावी लागतात. ती अजून बसलेली नाहीत. आणि बाग मी बघते, त्या आठ कलमांचा आंबा दरवर्षी मीच उतरवून घेते. दादाने एकदा फोनवर हे ऐकवलं, त्यानंतर सिनेमाचा विषय आम्ही काढत नाही.