वेलिगामाला सर्फिंग शिकायचंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार आज घेतेय.

मुलांना सुट्टी मे महिन्यातच असते, तेव्हा गेलं तर चालेल का? (ठाणे)

नका जाऊ. आपल्याकडे जूनमध्ये येणारा नैऋत्य पाऊस तिथे मेमध्येच सुरू होतो, समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं आणि शिकणाऱ्याचे हाल होतात. तिथला खरा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे नाताळची सुट्टी एकदम बेस्ट. मेच हवा असेल तर पूर्व किनाऱ्यावरचं अरुगम बे बघा, तिथला सीझन तेव्हा सुरू होतो, पण कोलंबोहून सात-आठ तासांचा रस्ता आहे आणि तिथली मुख्य लाट नवशिक्यांसाठी नाही.

वय ४८, पोहता येत नाही, तरी सर्फिंगची फार इच्छा आहे. हसू नका. (नाशिक)

हसायचं काय त्यात, मला तर तुमचा मेल वाचून इतका आनंद झाला! वेलिगामा तुमच्यासाठीच आहे. उपसागर अर्धचंद्रासारखा, तळाला वाळू आणि उतार एकदम हलका, त्यामुळे लाट लांबवर फुटते आणि तुमच्यापर्यंत येते तो नुसता पांढरा फेस, तोही कंबरभर पाण्यात. पहिले दोन दिवस त्या फेसातच शिकायचं. बोर्ड आठ-नऊ फुटी, मऊ फोमचाच मागा, लहान बोर्ड दिसायला भारी वाटतो पण त्यावर तोल राहत नाही. उभं राहताना पायांकडे बघू नका, नजर किनाऱ्यावरच्या माडांवर ठेवा, खाली बघितलं की माणूस पडतोच. पडलात तर आडवं पडा, डोकं खाली करून सूर मारल्यासारखं कधीच नाही, आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कारण दोरीने पायाला बांधलेला बोर्ड परत तुमच्याकडेच येतो. आणि लाट व तुमच्या मधे बोर्ड कधीही येऊ देऊ नका, सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो.

पण एक मनापासून सांगते, जायच्या आधी दोन-तीन महिने तरी जवळच्या तलावात पोहायला शिका. पाणी आत समुद्राकडे ओढायला लागलं की घाबरून किनाऱ्याकडे हात मारत दमायचं नाही, बोर्ड धरून ठेवायचा, हात वर करून मदत मागायची, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर, हे डोकं शांत असेल तरच सुचतं. पोहता येत नाही हे इन्स्ट्रक्टरला पहिल्या मिनिटाला सांगा, लाजू नका. शेजारच्या मिदिगामा-मिरिसाला मात्र इतक्यात नको, तिथे खाली खडक आणि प्रवाळ आहेत.

पाच दिवसांत कँडी, एल्ला, सिगिरिया आणि वेलिगामा बसेल का? (पुणे)

बसवाल हो, पण मग वेलिगामा गाडीच्या खिडकीतूनच बघाल. पहिल्या दिवशी अंग इतकं दुखतं की खांदे उचलत नाहीत, आणि बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाट जरा कळायला लागते, नेमकं तेव्हा निघायचं म्हणजे वाईट वाटतं. पाचही दिवस तिथेच राहा, सकाळी लाटा, दुपारी झोप, एखाद्या संध्याकाळी गॉलचा किल्ला. कोलंबो फोर्टहून ट्रेननेच जा, साधारण तीन तास, उजवीकडची खिडकी पकडा, रूळ अगदी समुद्राला लागून आहेत. हिक्कडुवाच्या जरा आधी पेरालिया लागतं, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तिथे अख्खी ट्रेन वाहून गेली होती, हजाराहून जास्त माणसं गेली. तिथून जाताना मी दरवेळी गप्प होते.

आम्ही शुद्ध शाकाहारी, जेवणाचं काय? (सांगली)

भात, डाळ, फणसाची भाजी, नारळाच्या दुधातल्या भाज्या, आपल्या जिभेला हे सगळं लगेच जमतं, सकाळी आप्पम आणि इडियाप्पम मिळतं. फक्त पोल संबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी, बघून फसू नका, तिच्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो, त्याला तिकडे उंबलकड म्हणतात, आणि तो कधीकधी भाज्यांतही घालतात. ‘उंबलकड नको’ एवढं प्रत्येक ठिकाणी आधी सांगायचं. आणि पौर्णिमेला तिथे पोयाची सुट्टी असते, बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा बिस्किटं आणि फळं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.