लामणदिव्याच्या कडेची हिरवट रेघ

दांडिया बाजारातल्या माहेरचा लामणदिवा मुलीच्या लग्नपत्रिकेवर घ्यायचाय, पण जिम्पमध्ये (फोटो सुधारण्याचा मोफत प्रोग्राम) फझी सिलेक्टने फोटोतून कापला की कडेला हिरवट रेघ राहते आणि साखळीच्या कड्यांमधून मागची हिरवी भिंत दिसते, असं तुम्ही लिहिलंय. मीही बडोद्याचाच. इथल्या जुन्या घरांतले असे दिवे बरेच कापलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

फझी सिलेक्ट सारख्या रंगाचे पिक्सेल गोळा करतं. घासलेल्या पितळेत भिंतीचंच प्रतिबिंब पडलेलं असतं, त्यामुळे ते भिंतीसोबत दिव्याचं पोटही खातं. पितळेसाठी ते वापरूच नका. पाथ्स टूल घ्या (कीबोर्डवर बी), फोटो २०० टक्के मोठा करा आणि वळण येईल तिथे क्लिक करून न सोडता ओढा, की रेषा वाकते. बिंदू कमी ठेवा. दिव्याच्या गोल पोटाला चार-पाच पुरतात, वीस टाकले तर कड खडबडीत होते. फेरी पूर्ण झाली की एंटर दाबा, सिलेक्शन तयार.

आता ती रेघ. कडेचे पिक्सेल धड पितळेचे नसतात, धड भिंतीचे नसतात, दोन्ही रंग त्यांत मिसळलेले असतात. म्हणून सिलेक्ट मेनूतून श्रिंक (सिलेक्शन आत ओढणं) १ पिक्सेल आणि मग फेदर (कड मऊ करणं) १ पिक्सेल करा. एका पिक्सेलने दिवा बारीक झालेला कुणाच्या लक्षात येत नाही, हिरवी रेघ मात्र लगेच लक्षात येते.

यानंतर डिलीट दाबू नका, ही माझी कळकळीची विनंती. लेयरला अल्फा चॅनल (म्हणजे पारदर्शकतेची सोय) जोडून लेयर मास्क घाला आणि त्यात सिलेक्शन हा पर्याय निवडा. मास्कवर काळा रंग लावला की भाग झाकला जातो, पांढरा लावला की परत येतो. चूक झाली तरी दिवा शाबूत राहतो. साखळीचंही काम इथेच: ४०० टक्के झूम, बारीक कडक ब्रश, आणि एकेका कडीच्या पोकळीत काळा रंग. वेळ लागतो, पण साखळीतून हवा खेळली की दिवा खरंच टांगलेला वाटतो. खाली गडद मरून रंगाचा लेयर ठेवून तपासा, पांढऱ्यावर राहिलेली घाण दिसत नाही.

पोटावरची हिरवी झाक कापून जाणार नाही. लेयरच्या यादीत मास्कवर नव्हे, शेजारच्या छोट्या चित्रावर क्लिक करा, ब्रशचा मोड एचएसएल कलर ठेवा, शेजारच्या पितळेचा रंग उचलून हलक्या हाताने फिरवा. पण दिवा घरातच असेल तर मी म्हणेन, मागे पांढरा कार्डशीट धरून खिडकीच्या उजेडात फोटो पुन्हा काढा. ज्योत पेटवू नका, तिची कड धूसर असते आणि फिक्या कागदावर ती विरून जाते.

छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरा, म्हणजे ३ इंच रुंद दिव्याला ९०० पिक्सेल. मूळ काम एक्ससीएफमध्ये (जिम्पची स्वतःची फाइल) सेव्ह करा आणि प्रेसला पीएनजी एक्सपोर्ट करून द्या. भाच्याच्या मुंजीच्या पत्रिकेत मी जेपीजी दिला होता. त्यात पारदर्शकता राहत नाही, आणि केशरी रंगावर गणपतीभोवती पांढरा चौकोन छापून आला. पाहुण्यांना त्याच पत्रिका वाटाव्या लागल्या, ते अजून मनाला लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.