पहिल्या पगारातून पेन्शनची सोय

भावा, शिरोली एमआयडीसीत चिकटलास, पीएफ सुरू झाला, छान झालं. आता बँकेतली ओळखीची माणसं 'पेन्शन प्लॅन' घेऊन मागे लागतील. विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेलं काहीही घेऊ नकोस, मग सांगणारा पाहुणा का असेना.

एनपीएसचं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, टियर-१ खातं काढ; म्हातारपणासाठीचं मुख्य खातं तेच. आधार-पॅन असलं की घरबसल्या ऑनलाइन होतं. खर्च फार कमी. फंड मॅनेजर, म्हणजे तुझे पैसे गुंतवणारी कंपनी, पटला नाही तर वर्षातून एकदा बदलता येतो, म्हणून पहिल्या निवडीवर महिनाभर अडून बसू नकोस. पैसे मात्र बराच काळ अडकतात. माझ्या मते म्हातारपणासाठी ते बरंच आहे.

जोडीला निफ्टी ५० चा एक इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टी निर्देशांकातल्या ५० मोठ्या कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसे घालणारा म्युच्युअल फंड. एकच! सेन्सेक्सच्या ३० कंपन्या बहुतेक निफ्टीतही असतात, दोन्ही घेऊन हाती वेगळं काही येत नाही. फंड निवडताना मागचा परतावा बघू नकोस, सगळ्यांचा जवळपास सारखाच असतो. खर्चाचं प्रमाण आणि निर्देशांकापासून फंड किती मागे राहतो, एवढं बघ. आणि फॉर्मवर 'डायरेक्ट' लिहिलंय ना, हे दोनदा तपास. 'रेग्युलर'मध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी तुझ्याच पैशातून जातं.

महिना ५,००० रुपये, २५ वर्षं. १० टक्के मिळाले असं धरलं तर साधारण ६६ लाख, कमिशनात एक टक्का गेला तर ९ टक्क्यांनी ५६ लाख. त्या एका टक्क्यात राजारामपुरीतल्या एजंटाचा चहा नाही, तुझे दहा लाख जातात.