थिनरचा डबा आधी कपाटात ठेवा

प्रश्न : 1971 सालची एक गाडी मी सुट्टीत बसून पूर्ववत करतो आहे. आधीच्या मालकाने दारांच्या आतल्या काळ्या व्हायनिलवर दुतर्फी टेपने कापडी पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्या ओढून काढल्या, पण खाली पिवळट चिकटा राहिलाय. कुठे पापुद्र्यासारखा कडक, कुठे अजून बोटाला लागतो. साबणाने ढिम्म हलत नाही. थिनर लावू का?

उत्तर : नका लावू. थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, सगळ्यांनी चिकटा निघेल, पण त्याच्याबरोबर व्हायनिलही विरघळेल. माझीच फजिती सांगते. काम शिकत असताना एका सीटवर मी थिनरचा बोळा फिरवला. कापूस काळा होत होता आणि मी खूश, काय मळ निघतोय म्हणून! तो मळ नव्हता, रंग होता. चामड्यासारखा दिसणारा वरचा पोतही गेला आणि तळहाताएवढा भाग काचेसारखा गुळगुळीत झाला. शेवटी अख्खं कव्हर बदललं.

व्हायनिल म्हणजे पीव्हीसी, मूळचं कडक. त्याला मऊपणा येतो तो आत मिसळलेल्या तेलकट प्लॅस्टिसायझरमुळे. वर्षानुवर्षं चिकटून राहिलेल्या टेपच्या गोंदात हा प्लॅस्टिसायझर झिरपतो. गोंद लिबलिबीत होतो तो त्यामुळे, आणि खालचं व्हायनिल तेवढंच कोरडं पडतं. म्हणून जोर लावायचा नाही. (गंमत म्हणजे 1926 साली वॉल्डो सेमन हे रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला जोडणारा गोंद शोधत होते, आणि हाती लागलं ते हे मऊ पीव्हीसी!)

कडक पापुद्र्याला केस वाळवायच्या ड्रायरची ऊब द्या. वीतभर अंतरावरून, हाताला सोसेल इतकीच. मग जुनं प्लॅस्टिकचं कार्ड तिरकं धरून कडेने सरकवा. ब्लेड अजिबात नको. जिथे बोटाला चिकटतं, तिथे अंगठा गोल गोल घासा. खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळकट्या सुटतात. निम्मं काम मी अंगठ्यानेच उरकते, फक्त दुसऱ्या दिवशी अंगठा दुखतो.

मग जे उरेल त्याला मिनरल टर्पेंटाइन, म्हणजेच व्हाइट स्पिरिट. आधी दाराच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला लावून बघा. फडक्यावर काळं आलं किंवा जागा चिकट झाली तर तिथेच थांबा. एरवी फडकं जेमतेम ओलं करून मिनिटभर डागावर टेकवा, एकाच दिशेने पुसा आणि दर वेळी फडक्याची कोरी बाजू घ्या. थेट ओतू नका, शिवणीच्या भोकांतून आत गेलं तर पॅनेलवर व्हायनिल बसवलेला गोंदच सुटतो. गाडीची दारं उघडी, ड्रायर बंद, जवळपास ठिणगी नको. वास सोसत नसेल तर खाद्यतेल चोपडून वीसेक मिनिटं ठेवा. चालतं, पण वेळखाऊ. काहीही वापरलंत तरी शेवटी कोमट साबणपाण्याने पुसून कोरडं करा.

एका दाराला एक संध्याकाळ धरा. सगळं झाल्यावरही पट्टीच्या जागी गडद चौकोन दिसला तर घासत बसू नका. ऊन न लागलेला तो मूळचा काळा रंग आहे. विटलंय ते आजूबाजूचं.