गॅस बंद ठेवा, डोळे उघडे : भुताटकी पार्टीच्या खाऊविषयी प्रश्नोत्तरे

भुताखेतांच्या पार्टीसाठी मुलांच्या हातून करून घ्यायच्या खाऊबद्दल इतकी पत्रं आली आहेत, की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं अशक्य आहे. जवळजवळ सगळ्या पत्रांत एकच गैरसमज दिसतो : ओव्हन नाही, गॅस नाही, म्हणजे काळजी नाही. मुलांना चटका बसणार नाही, एवढंच त्यात खरं आहे. बाकी काळजी आहे तिथेच आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, पाककलेतली तज्ज्ञ नव्हे, तेव्हा नवनव्या कृती मागणाऱ्यांची इथे थोडी निराशा होईल.

प्रश्न : अर्धं केळं उभं ठेवून त्याला चॉकलेटच्या कडक दाण्यांचे डोळे लावून भूत करायचं आहे. मुलगी तीन वर्षांची आहे. चालेल ना?

केळं चालेल, कडक दाणे नकोत. वितळवून कोमट केलेल्या चॉकलेटचे ठिपके काढा. केळं काळं पडू नये म्हणून वरून लिंबाचा रस लावा.

प्रश्न : बिस्किटाचं कच्चं पीठ लोणी-साखरेत मळून त्याचे ‘राक्षसाचे मेंदू’ करतात. त्यात अंडं नसतंच. मैदा मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवला की तो सुरक्षित होतो, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं.

व्हिडिओत बरंच काही सांगतात. मैदा दिसायला कितीही स्वच्छ असला तरी तो कच्चा पदार्थ आहे. धान्य शेतातून येतं, दळल्याने त्यातले जंतू मरत नाहीत. साल्मोनेला आणि ई. कोलाय यांच्या साथी कच्च्या पिठातून पसरल्याच्या नोंदी आहेत, आणि ई. कोलायचे काही प्रकार लहान मुलांची मूत्रपिंडं बिघडवतात. कोरड्या पिठात हे जंतू उष्णतेला चांगलेच दाद देत नाहीत. त्यातून मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखा तापवत नाही, त्यामुळे दोन मिनिटांनी नक्की काय झालं हे तुम्हालाही कळत नाही आणि मलाही.

भाजलेल्या बिस्किटांचा चुरा घ्या. पिशवीत बिस्किटं घालून लाटण्याने कुटायचं काम मुलांना फार आवडतं. क्रीम चीज आणि थोडा कोको घालून मळा, गोळे वळा, मेंदूच्या वळ्या काट्याने काढा. हे गोळे फ्रिजमध्ये ठेवायचे आणि बाहेर काढल्यावर दोन तासांत संपवायचे. कच्चं पीठ आधीच खाऊन झालं असेल आणि मुलाला रक्ताचे जुलाब, सतत उलट्या किंवा लघवी कमी होणं यातलं काही दिसलं, तर घरचे उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पार्टीत गोड खाल्लं की मुलं अंगात आल्यासारखी करतात. साखर किती द्यावी?

साखरेने मुलं उधळतात ही ऐकीव गोष्ट आहे. ज्या चाचण्यांत मुलांना आणि पालकांना साखर दिली की नाही हे माहीत नव्हतं, त्यांचा एकत्रित आढावा 1995 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात असा परिणाम आढळला नाही. वीस मुलं, मुखवटे, अंधार आणि आरडाओरडा असेल तर पाण्यावरही उधळतील. साखर कमी द्यायची ती दातांसाठी. मुलाला मधुमेह असेल तर पार्टीच्या आधी त्याच्या डॉक्टरांशी इन्सुलिनबद्दल बोलून घ्या.

प्रश्न : द्राक्षं आणि मार्शमेलो यांचे ‘डोळे’ करणार आहोत, वाडग्यात तरंगणारे. मुलगा साडेतीन वर्षांचा, भाची दोनची. मुलगा नीट चावून खातो आणि आम्ही शेजारीच असतो. मागे एकदा पॉपकॉर्न खाताना त्याला जोरात ठसका लागला होता, पण पाणी पाजल्यावर थांबला. त्यानंतर काही आठवडे रात्री खोकतो, पण ते वेगळं. डोळे खरे दिसण्यासाठी काय वापरावं?

ते वेगळं नाही. या वाचकांना उत्तर छापून येण्याची वाट न बघायला लावता आधीच कळवलं आहे. तरी सगळ्यांसाठी लिहिते, कारण असं पत्र दर वर्षी येतं आणि दर वर्षी त्यातला खोकला शेवटच्या ओळीत असतो.

पॉपकॉर्नचा किंवा दाण्याचा तुकडा श्वासनलिकेत गेला की आधी जोरात ठसका लागतो. मग तो तुकडा खाली सरकतो, फुप्फुसाकडे जाणाऱ्या एका फाट्यात जाऊन बसतो आणि मूल शांत होतं. आईबापांना वाटतं, गेलं. पुढे आठवडेच्या आठवडे खोकला, एका बाजूला घरघर, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया. खोकल्याची औषधं बदलत राहतात आणि मूळ तुकडा जागच्या जागी. खाद्यपदार्थ बहुधा एक्स-रेत दिसत नाहीत, त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आला’ याने निश्चिंत होऊ नये. शंका असेल तर दुर्बिणीने बघावं लागतं. ठसक्याची ती गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं म्हणू नका.

आता डोळ्यांचं. ‘नीट चावून खातो’ हे मला पटत नाही, कारण साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मागच्या दाढा नुकत्याच आलेल्या असतात आणि घास बारीक करून गिळण्याचं कसब चार वर्षांपर्यंत पक्कं झालेलं नसतं. त्याची श्वासनलिका पेय प्यायच्या नळीएवढी अरुंद असते. गोल, गुळगुळीत, किंचित दबणारं द्राक्ष तिच्या तोंडाशी बाटलीच्या बुचासारखं बसतं, बाजूने हवा जायला फट उरत नाही. मार्शमेलो तर लाळेने चिकट होतो, दबून जागेचा आकार घेतो आणि खोकून सुटत नाही. जेली घोटभर कपात भरून एका घासात ओढून घ्यायचे कप मिळत, त्यातही हाच धोका होता. मुलं दगावल्यावर युरोपीय संघाने 2004 मध्ये ते कप बाजारातून काढायला लावले. मऊ म्हणजे निर्धोक, हे डोक्यातून काढून टाका.

चार वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षं, मार्शमेलो, पॉपकॉर्न, अख्खे दाणे, कडक गोळ्या यातलं काहीही नको. द्राक्ष द्यायचंच तर उभे चार भाग करून. आडवं कापलंत तर त्याची गोलाई तशीच राहते. उभे चार भाग केल्यावर डोळ्याचा डोळा राहत नाही, हे मान्य. मग द्राक्षांचा हट्ट सोडा. पिकलेल्या केळ्याची पातळ चकती, तिच्यावर कीवीची त्याहून लहान पातळ चकती आणि मध्ये चॉकलेटचा ठिपका. बुबुळ म्हणून हे द्राक्षाहून जास्त भीतिदायक दिसतं. हे चपटे डोळे बशीत मांडा, वाडग्यात तरंगवू नका.

‘शेजारी असतो’ हेही पुरेसं नाही. घास अडकलेलं मूल बहुतेक वेळा आवाज करत नाही. शिवाय सगळे लक्ष ठेवतात ते वाढलेल्या बशीवर, आणि खाऊ करताना तोंडात टाकलेला माल कुणाच्या हिशेबात नसतो. भाची दोनची आहे, मोठ्यांचं बघून तीही टाकणार. करताना बसून, खाताना बसून. मुखवटा घालून पळता पळता घास नको. सजावटीत मोडके टूथपिकही नकोत.

आणि अडकलंच तर? मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाणी पाजू नका. खोकला फुटत नसेल, आवाज निघत नसेल, तर एकाने रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने मुलाला पुढे वाकवून खांद्यांच्या दोन फळ्यांच्या मध्ये तळव्याने 5 जोरदार थापा माराव्यात. तेवढ्याने निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर 5 वेळा आत आणि वर झटका द्यावा, मग पुन्हा थापा. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटका कधीही द्यायचा नाही, त्याला थापांनंतर छातीच्या मध्यावर 5 वेळा दाब द्यायचा. घास दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, तो आणखी आत जातो. मूल बेशुद्ध पडलं तर सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा. पोटावर झटके दिले असतील तर घास निघाल्यावरही डॉक्टरांना दाखवायचं. हे वाचून येत नाही, प्रथमोपचाराच्या वर्गात जाऊन बाहुलीवर हात बसवावा लागतो. सजावटीच्या तयारीला अख्खा दिवस मिळतो, तर यालाही काही तास मिळतील.

प्रश्न : चेटकिणीच्या पेयातून धूर यावा म्हणून प्रत्येक ग्लासात ड्राय आइसचा एक तुकडा टाकला तर?

ग्लासात अजिबात नको. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंश सेल्सिअस. हाताला लागला तर त्वचा भाजल्यासारखी होते. गिळला तर तेच तोंडात, अन्ननलिकेत आणि पोटात. बंद बाटलीत ठेवला तर बाटली फुटते. त्याचा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, आणि जमिनीलगत मुलंच असतात. धूर हवाच असेल तर खिडक्या उघड्या ठेवून, मोठ्यांनी जाड हातमोजे घालून, पेयाचं भांडं दुसऱ्या मोठ्या भांड्यात ठेवून फक्त बाहेरच्या भांड्यात टाकावा. लहान मुलांच्या पार्टीत मी तोही टाकणार नाही. कुणी गिळलाच तर थेट रुग्णालय.

प्रश्न : काळ्या रंगासाठी खाण्याचा कोळसा मिळतो. तो शरीरातली विषारी द्रव्यंही ओढून घेतो म्हणे. दुहेरी फायदा?

फायदा विकणाऱ्याचा. काही विषबाधांमध्ये आम्ही रुग्णालयात हा कोळसा वापरतो, कारण पोटातली द्रव्यं त्याला चिकटतात. मुलाच्या फिट्सचं किंवा दुसरं कुठलंही औषध पोटात असेल, तर तेही चिकटणार आणि त्याचा परिणाम कमी होणार. पार्टीला आलेलं कुठलं मूल कुठलं औषध घेतं, हे तुम्हाला माहीत असतं का? कोको वापरा.

चकाकी देणाऱ्या भुकटीचंही तसंच. डबीवर ‘विषारी नाही’ लिहिलेलं असणं म्हणजे ‘खाण्यायोग्य’ असणं नव्हे. घटकांची यादी नसेल तर ती डबी चित्रकलेच्या कपाटात ठेवा. भडक रंगांबद्दलही बरेच जण विचारतात. काही कृत्रिम रंगांमुळे मुलांच्या चंचलतेत थोडी वाढ दिसल्याचा अभ्यास 2007 मध्ये आला. तेव्हापासून नव्हे, पण 2010 पासून युरोपीय संघात असे सहा रंग वापरलेल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर इशारा छापावा लागतो. घबराट नको, पण ‘रक्त’ काढायला रास्पबेरी चिरडून गाळली तर काय बिघडतं? मूल आधीच चंचलतेसाठी उपचार घेत असेल तर रंगांबद्दल त्याच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : पार्टीच्या दुसऱ्या दिवशी मुलाची शी गडद हिरवी झाली!

काळ्या-निळ्या आयसिंगने होते. एक-दोन दिवसांत पूर्ववत होईल. तसा रंग खाल्लेला नसताना शी डांबरासारखी काळी झाली, किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : एका पाहुण्या मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. पीनट बटरचे कोळी सगळ्यांसाठी आणि त्याच्या कोळ्यातून पीनट बटर काढून टाकलं तर पुरे ना?

नाही. तोच चमचा, तीच पाटी आणि तेच बरबटलेले छोटे हात. त्या दिवशी शेंगदाणा घरातूनच बाहेर ठेवा. बिस्किटं आणि चॉकलेटची वेष्टनंही वाचा, ‘अंश असू शकतात’ ही ओळ बारीक अक्षरांत असते. पांढऱ्या चॉकलेटमध्ये दूध असतं, हेही दुधाची अॅलर्जी असलेल्यांच्या यजमानांनी लक्षात ठेवावं. त्या मुलाच्या आईला आधी फोन करा : त्याचं अॅड्रेनालिनचं इंजेक्शन सोबत येणार आहे का आणि ते कसं द्यायचं? ओठ सुजले, आवाज बसला, श्वास लागला, तर आधी ते इंजेक्शन आणि लगेच रुग्णवाहिका. अॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका.

प्रश्न : जेलीचे किडे करायला अननसाच्या रसात जिलेटिन घातलं, पण जेली धरलीच नाही.

ताज्या अननसातलं एन्झाइम जिलेटिन धरू देत नाही. रस उकळून घ्या किंवा डब्यातला वापरा.

प्रश्न : कपकेकवर खोचायला चमचमणारे दिवे मिळतात. मुलांना फार आवडतील.

त्यांत बटण-बॅटरी असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतली त्वचा जाळू शकते, आणि सुरुवातीला मूल अगदी ठीक दिसू शकतं. स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल तर दिवा घरात आणू नका. एखादी बॅटरी कमी दिसली आणि ती गिळली असेल अशी नुसती शंका आली, तरी ‘शीमधून पडेल’ म्हणत थांबू नका, उलटी करवू नका, थेट रुग्णालयात जा.

प्रश्न : मुलांनी उरलेला खाऊ कुत्र्याला भरवला. त्यात चॉकलेट आणि मनुका होत्या, शिवाय साखरेऐवजी झायलिटॉल वापरलं होतं. काही होईल का?

तिन्ही गोष्टी कुत्र्यांना घातक आहेत. पत्र लिहायला लागला तेवढ्या वेळात पशुवैद्यांकडे पोहोचला असता.